एकादशी धरली, पण शिधा कुणाला द्यायचा?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. सासूबाईंच्या मागे दोन्ही एकादश्या त्या धरतात. द्वादशीला सकाळी देवळात जायचं, बाहेर बसलेल्यांना प्रत्येकी दहा रुपये आणि केळं द्यायचं, मग घरी येऊन पारणं फेडायचं, अशी घरची रीत. १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होईल असं प्रशासनाने जाहीर केलं आणि देवळाबाहेरची माणसं दिसेनाशी झाली. तेव्हापासून उपास होतो, दान होत नाही. मुलगा म्हणतो, एखाद्या संस्थेला यूपीआय करून टाक, विषय संपला. त्यात आता शुगर निघाली आहे आणि डॉक्टर उपास नको म्हणतात. तर दानाशिवाय उपास फळतो का, द्यायचं तर कुणाला, उपासच सुटला तर दोष लागतो का, आणि पारण्याला अतिथी वेळेवर आला नाही तर काय?

ताई, कायद्याचं आधी सांगतो, कारण त्याची भीती उगाच मोठी झाली आहे. प्रशासनाने मनाई केली ती रस्त्यावर, चौकात, देवळाबाहेर भीक मागण्या-देण्याला. खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीसही जाहीर झालं होतं, त्यामुळे लोक जास्तच धास्तावले. अशा आदेशांच्या मुदती वाढत-बदलत असतात, ते वर्तमानपत्रात बघत जा. पण कुणाच्या घरी पिठाची पिशवी पोचवणं, कुणाला घरी बोलावून जेवू घालणं, अन्नछत्रात धान्य भरणं, याच्याशी त्या आदेशाचा संबंध नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलांना सिग्नलवर उभं करून पैसे गोळा करणाऱ्यांना चाप बसत असेल तर बरंच आहे. दहा रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या बाईला आरोपी करायचं हे मात्र मला पटत नाही. तरी देवळाबाहेरचं ते दान आपल्या सोयीचं होतं, हेही खरं. चपला घालता घालता उरकायचं. समोरच्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, काल रात्री तो जेवला होता का तेही माहीत नाही. शास्त्रात जे दान सांगितलंय त्याला याहून बरेच कष्ट पडतात, आणि ते इंदुरात आजही राजरोस करता येतं.

मी भिक्षुक, म्हणजे पौरोहित्य करणारा. वडीलही भिक्षुकीच करायचे. दान घेण्यावरच आमची चूल पेटली. त्यामुळे या प्रश्नाकडे मी घेणाऱ्याच्या पाटावरून जरा जास्त बघतो, हे सांगून ठेवतो.

दानाशिवाय उपास फळतो का, हे फळ देणाऱ्याला माहीत. मी व्रताची रचना तेवढी सांगू शकतो. एकादशी हे तीन दिवसांचं व्रत आहे. दशमीला एकदाच जेवायचं, एकादशीला निराहार राहायचं, द्वादशीला अतिथीला वाढून पारणं फेडायचं आणि त्या रात्री पुन्हा जेवायचं नाही. म्हणजे दशमीची रात्र, एकादशीची दोन्ही जेवणं आणि द्वादशीची रात्र, अशी चार जेवणं सुटतात. आता घरात चार जेवणांचं धान्य शिजलं नाही तर ते गेलं कुठे? जुन्या बायका याचं उत्तर हिशोबानेच द्यायच्या. डब्यातून जे पीठ एकादशीला निघालं नाही ते द्वादशीला सुपात निघायचं, त्यावर डाळ, गूळ, मिठाची पुडी, वर चार आणे दक्षिणा. उपास आणि दान ही दोन वेगळी पुण्यं आहेत अशी कल्पनाच तिथे नव्हती. आपण दान वेगळं काढलं, त्याला देवळाची पायरी नेमून दिली, म्हणून पायरी रिकामी झाल्यावर आपण अडलो.

भागवतातली रंतिदेवाची गोष्ट कीर्तनात ऐकली असेल. अठ्ठेचाळीस दिवस पोटात पाणीसुद्धा नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी तूप, खीर, लापशी आणि पाणी मिळालं. बायकामुलं भुकेने कापत होती. जेवायला बसणार तोच एक ब्राह्मण आला, त्याला त्याचा वाटा दिला. उरलेलं वाटून घेतलं तर एक शूद्र आला, त्यालाही दिलं. मग कुत्री घेऊन एक जण आला. होतं नव्हतं ते त्याला आणि त्याच्या कुत्र्यांना दिलं आणि वर त्यांना नमस्कार केला. शेवटी एका माणसापुरतं पाणी उरलं, ते तोंडाला लावणार तोच एक चांडाळ पाणी मागत आला. रंतिदेवाने तेही दिलं, आणि देवाकडे मोक्ष मागितला नाही. सगळ्यांच्या आत राहून त्यांचं दुःख मला भोगता यावं, एवढंच मागितलं. कीर्तनकार इथे देव प्रकट झाल्याच्या प्रसंगावर रंग भरतात. मला विचार करायला लावतो तो येणाऱ्यांचा क्रम. दर वेळी येणारा माणूस समाजाच्या लेखी आणखी खालचा, दर वेळी पानातलं अन्न आणखी कमी, आणि रंतिदेवाची अदब मात्र होती तेवढीच.

अठ्ठेचाळीस दिवसांचा उपास तुम्ही-आम्ही करायचा नाही, ते सांगायला नको. पण त्या गोष्टीतली भूक आणि आपली एकादशीची भूक यांत एक मोठा फरक आहे, तो ध्यानात ठेवा. आपल्या भुकेला वेळापत्रक असतं. उद्या सकाळी सहा-साडेसहाला पारणं हे कालपासून ठरलेलं असतं, आणि स्वयंपाकघरात डबे भरलेले असतात. ज्याला पुढचं जेवण कधी आणि कुठून हे माहीत नसतं, त्याची भूक आपल्याला एकादशीने कळत नाही, तिची थोडीशी चुणूक मिळते. दुपारी चारच्या सुमारास डोकं दुखतं, मुलांवर चिडचिड होते, देवाचं नाव घेताना लक्ष फोडणीच्या वासाकडे जातं. ती चिडचिड म्हणजे व्रत बिघडलं असं समजू नका. कामवाली बाई सकाळी आल्या आल्या फणकारते तेव्हा ती काय खाऊन आली आहे हे विचारण्याची बुद्धी तिथून होते.

आता खिचडी. हा विषय इंदुरात टाळून चालतच नाही. सराफ्यात रात्री जाऊन बघा: पातेल्यावर वाफेत फुललेला साबुदाणा, त्यात फरियाली मिक्श्चर, बटाट्याच्या सळ्या, मसाला, वरून लिंबू आणि कोथिंबीर. फार छान लागते. मीही खातो, उपास नसेल त्या दिवशी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आलेला, आणि आज देशातला बहुतेक साबुदाणा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. बटाटा, शेंगदाणा, मिरची हेही तिकडलेच पाहुणे. जुन्या स्मृतिकारांनी ते पाहिलेलेच नव्हते, तर उपासाला सांगणार कुठून? धान्य नाही म्हणून चालतं, एवढ्या पळवाटेने हे सगळे पदार्थ उपासाच्या ताटात शिरले. पळवाटेला माझी हरकत नाही. पोटाला काही लागतंच. माझी हरकत खर्चाला आहे.

येत्या एकादशीला वहीत दोन रकाने करा. एकीकडे रोजच्या दिवसाचं: पोळी, वरण, भात, एक भाजी. दुसरीकडे उपासाचं: अर्धा किलो साबुदाणा, पाव किलो दाणे, मोरधन (भगर), दाण्याची आमटी, बटाटे, दही, राजगिऱ्याचे लाडू, केळी, आणि संध्याकाळी पुन्हा रताळ्याचा कीस नाहीतर शिंगाड्याचा शिरा, साजूक तुपात. तुमच्याच किराणावाल्याच्या भावाने बेरीज करा. बऱ्याच घरांत उपासाचा रकाना जड निघतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या आजीच म्हणून गेल्या आहेत. दुप्पट खाल्ल्यावर द्यायला शिल्लक काय राहणार? म्हणून माझा साधा नियम असा की उपासाच्या दिवशीचा खर्च रोजच्यापेक्षा कमी आला पाहिजे, आणि जो फरक पडेल तो घराबाहेर गेला पाहिजे. काय चालतं आणि काय चालत नाही, भेंडी चालते का, कोथिंबीर चालते का, हे लोक मला फोन करकरून विचारतात. या नियमाने त्यातले निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

किती धान्य होतं तेही बघू, फक्त एकादशीच्या दिवसाचीच दोन जेवणं धरून. मोठ्या माणसाला दोन वेळेला मिळून पीठ, तांदूळ, डाळ धरून साधारण तीनशे ग्रॅम लागतं. तुम्ही एकट्याच धरत असाल तर महिन्याच्या दोन एकादश्यांचे सहाशे ग्रॅम, वर्षाच्या चोवीस एकादश्यांचे सात किलोच्या वर. अधिक मास आला की एकादश्या सव्वीस. घरातली चारही माणसं धरत असतील तर महिन्याला अडीच किलोच्या आसपास. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. त्या मापाने चार माणसांच्या दोन एकादश्यांत एका माणसाचा जवळजवळ पंधरा दिवसांचा आधार निघतो. सहाशे ग्रॅम द्यायला संकोच वाटत असेल तर दर महिन्याला न देता साठवा.

साठवण्याची रीत नीट ठेवा. महिनाअखेरीला अंदाजाने काढू म्हटलं की अंदाज नेहमी आपल्या बाजूने झुकतो. एकादशीच्या सकाळी, अंघोळ झाल्यावर, त्या दिवशी जे शिजवलं असतं ते मापून वेगळ्या डब्यात घालायचं. रोजचीच वाटी, रोजचाच गहू, रोजचीच डाळ. डब्याला झाकण घट्ट हवं आणि पावसाळ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला. द्यायच्या वेळी गहू दळून पीठच द्या. घेणाऱ्याला पुन्हा दळणाचे पैसे आणि चक्कीवरची खेप पडू नये. संकल्पाला संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणा: हे आज माझं नाही.

आता तुमची शुगर. इथे मी ठाम आहे. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी आपल्या धर्मशास्त्राचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी सांगून ठेवल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य (होमाला चालणारं साधं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. औषध त्या यादीत आहे. गोळी घेतली, गोळीसाठी दोन घास खाल्ले, तर व्रत मोडलं असं कुणी म्हटलं तर त्याला ही यादी ऐकवा. एकादशीचं बंधनसुद्धा आठव्या वर्षापासून ऐंशीपर्यंतच्यांनाच सांगितलेलं आहे. त्यापुढच्या आजोबांना उपाशी ठेवण्यात कसला आला धर्म? शुगरच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते, माणूस घामाघूम होऊन पडतो. उलट दिवसभर साबुदाणा खाल्ला तर तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, साखर भरकन वर. म्हणजे दोन्हीकडून फटका. तुमच्या कुठल्या गोळीला काय चालेल ते डॉक्टरच सांगतील, माझ्यासारख्याने सांगू नये, आणि मी सांगतही नाही.

उपास झेपत नसेल त्याच्यासाठी शास्त्राने प्रत्याम्नाय ठेवला आहे, म्हणजे मूळ विधीच्या जागी दुसरा विधी. त्यात उपासाऐवजी एकाला जेवू घालणं येतं. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांकडेही अगदी असंच आहे: आजारपणाने वा म्हातारपणाने ज्याला रोजा झेपतच नाही त्याने दर सुटलेल्या रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यायचं, त्याला ते फिदिया म्हणतात. ईदच्या नमाजाआधी फितरा द्यायचा, म्हणजे गरिबाचीही ईद व्हावी, हाही त्यांचा दंडक आहे. तेव्हा ताई, तुम्ही नेहमीसारखं वेळेवर जेवा, गोळी घ्या, आणि एकादशीचे ते तीनशे ग्रॅम डब्यात घालत राहा. वर एका माणसाचं जेवण. तुमचा उपास सुटला असं मी मानणार नाही, आणि दोष तर नाहीच.

कुणाला द्यायचं, हा खरा अवघड प्रश्न.

माझे वडील वारावर जेवून शिकले. तरुणांना ही पद्धत माहीत नसेल: गरीब विद्यार्थ्याने सात घरं धरायची, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असं आठवडाभर जेवायचं. वडील म्हातारपणीसुद्धा त्या घरांबद्दल बोलायचे. एका घरी त्यांना ओसरीवर वेगळं पान मांडायचे, आमटी पातळ, पोळ्या सकाळच्या. दुसऱ्या घरी घरच्या मुलांच्याच पंगतीत पाट, आणि तूप वाढताना काकूंचा हात त्यांच्या भातावर आणि स्वतःच्या मुलाच्या भातावर सारखाच थांबायचा. हे तुपाचं वडील चमचा हातात धरल्यासारखा हात करून दाखवायचे. दोन्ही घरांनी पोट भरलं होतं. पण मुंजी-लग्नांना ते आपणहून कुठल्या घरी जात, ते सांगायला नको.

वार लावून जेवणारी मुलं आजही इंदुरात आहेत, फक्त ती वार मागत नाहीत. भंवरकुआच्या बाजूला स्पर्धा परीक्षांच्या क्लासला येणारी निमाडातल्या, झाबुआ-बडवानीकडच्या खेड्यांतली मुलं-मुली एका खोलीत तिघं-चौघं राहतात, आणि महिन्याच्या शेवटी खिचडीवर दिवस काढतात. ओळखीच्या क्लासवाल्याला, खोलीमालकाला विचारा. अशा एका मुलाला किंवा मुलीला दर द्वादशीला जेवायला बोलवा. तुमच्या टेबलावर, तुमच्या बरोबर. महिन्यातून दोनदा एका मुलाला गरम पोळी मिळाली तर रामबाग-लोकमान्य नगरच्या मराठी घरांना ते जड नाही.

दुसरी जागा एमवाय. महाराजा यशवंतराव हॉस्पिटलात पेशंटला जेवण मिळतं, त्याच्याबरोबर आलेल्यांचे हाल असतात. सणावारी दुपारी तिथे पुरी-भाजी वाटणाऱ्यांची गर्दी होते, एकाच माणसाच्या हातात तीन-तीन पाकिटं येतात. म्हणून अन्न न्यायचं तर आडवारी आणि रात्रीचं न्या. आणि अन्नापलीकडे बघा. आठ दिवस तिथे राहिलेल्या बाईला अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, टॉवेल, हिवाळ्यात चादर, गावी परतायचं बसभाडं, या गोष्टींची अडचण असते. वॉर्डातल्या नर्सला विचारलं तर कुणाला काय हवं ते ती नेमकं सांगते.

तिसरी जागा तुमच्याच गल्लीत आहे. गल्लीचा चौकीदार, इस्त्रीवाला, एकटी राहणारी कुणी मराठी म्हातारी जिची पेन्शन औषधांत जाते आणि जी कुणाला सांगत नाही. मराठी घरांतली गरिबी इस्त्रीच्या पातळात बसलेली असते, ती देवळाबाहेर कधीच दिसली नव्हती. तिथे शिधा नेताना ‘दान’ हा शब्द तोंडातून काढू नका. ‘गावाकडून गहू जास्त आला’ म्हणा, ‘व्रताचं वाण आहे, तुम्ही घेतलंत तर माझं पूर्ण होईल’ म्हणा. दुसरं वाक्य तर शब्दशः खरंच आहे.

कामवाल्या बाईबद्दल एक सूचना. तिचा पगार, दिवाळीचा बोनस, आजारपणाची रजा हे दान नाही, ते देणं आहे. आधी ते चोख द्या. रात्रीची उरलेली भाजी हेही दान नाही. आणि अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे ते हौसेने द्या, २०२६ चा ज्येष्ठ अधिक आहे, लेक-जावई खूश होतील; पण गरिबाच्या हिशोबात ते धरू नका. जावई बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो.

द्यायचं कसं, यावर मला थोडं जास्त बोलू द्या, कारण याची झळ आमच्या घराने सोसली आहे. किराणा दुकानात ‘पूजेची सुपारी’ वेगळी मिळते, जी दाताने फुटत नाही. ‘पूजेचं तूप’ वेगळं मिळतं, ज्याच्या डब्यावरच खाण्यासाठी नाही असं बारीक अक्षरात असतं. ‘दानाचं धोतर’ मिळतं, ते नेसलं तर गुडघे झाकत नाही. ब्लाउजपीसचं तर विचारू नका. एकच जांभळा पीस चार घरं फिरून हळदीकुंकवाच्या घडीसकट आमच्याकडे परत आलेला आमच्या आईने ओळखला होता. देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण आपल्या पानातलं आणि द्यायचं हे दोन वेगळे दर्जे असतात, ही गोष्ट बाजाराने ओळखली आणि तसा मालच काढला. उपनिषदात दानाबद्दल सांगितलंय की श्रद्धेने द्यावं, ऐपतीप्रमाणे द्यावं, आणि लाजून द्यावं. लाज देणाऱ्याने बाळगायची आहे, आपण देतोय ते कमीच आहे म्हणून. आपल्याकडे ती सगळी घेणाऱ्याच्या गळ्यात मारली जाते.

म्हणून शिध्याची कसोटी एकच: यातून आज माझ्या घरी स्वयंपाक करता येईल का? एका चौघांच्या घरासाठी महिन्याचा आधार म्हणून द्यायचं असेल तर ५ किलो पीठ, २ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, मीठ, हळद, तिखट, गूळ किंवा साखर, चहापत्ती आणि साबण. पालेभाजी त्याच दिवशीची. ज्या ब्रँडचं पीठ तुम्ही खाता तेच. साध्या पिशवीत, नाव न छापता. फोटो काढायचा नाही. मुलाला ते मुद्दाम सांगा, हल्लीची मुलं सवयीने फोन वर करतात. शिध्याबरोबर दक्षिणा सांगितली आहे तीही विसरू नका. ती केवळ रीत नाही. डाळ-तांदूळ दिले तरी गॅसची टाकी, विजेचं बिल, दूध, मुलाचं दप्तर यांना रोकडाच लागतो. शंभर रुपये असोत, पाचशे असोत, पाकिटात घाला. त्याचं काय करायचं ते त्या घराला ठरवू द्या. दारू पिईल, तंबाखू खाईल, ही काळजी करत बसलात तर हात कधीच पुढे जाणार नाही.

आणि वेळ कुठली? स्वतःच्या जेवणाआधी. अहिल्याबाई १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, महेश्वरहून राज्य करत होत्या. पुढे १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या दिनचर्येबद्दल लोकांना विचारून लिहून ठेवलं आहे: पहाटे उठून पूजा, मग पुराणश्रवण, मग दानधर्म, ब्राह्मणांना स्वतः समोर बसवून अन्न, आणि त्यानंतर स्वतःचं ताट. उन्हाळ्यात नांगराला जुंपलेल्या बैलांना थांबवून त्यांची माणसं पाणी पाजायची, पाखरांना शेतातून हाकलतात म्हणून त्यांनी काही शेतं पाखरांसाठी विकत घेऊन ठेवली होती, हेही त्याने नोंदवलं आहे. मी मुद्दाम सांगतो ते एवढ्यासाठी की आपण इंदूरकर त्यांचं नाव घाट आणि देवळांसाठी घेतो. रोज ताटावर बसण्याआधी कुणीतरी जेवलं पाहिजे, हा त्यांचा नेम घरच्या घरी करता येण्यासारखा आहे. घाट बांधायला होळकरांचा खजिना लागतो.

मुलाच्या यूपीआयबद्दल. तो चूक सांगत नाही. गुरुद्वाऱ्याचा लंगर, एखादं अन्नछत्र, वृद्धाश्रम, यांना रोजचा नियमित पैसा लागतो, आणि तो फोनवरून गेला म्हणून त्याचं पुण्य कमी होत नाही. पावती घ्या, प्राप्तिकरात सवलत मिळत असेल तर तीही घ्या, त्यात काही पाप नाही; सवलतीने वाचलेले पैसे पुन्हा डब्यात टाका म्हणजे झालं. फक्त पैसे पाठवण्याआधी एकदा मुलाला घेऊन तिथे जेवणाच्या वेळी जा. आमटीत डाळ किती आहे आणि वाढणारा माणूस जेवणाऱ्याशी कसा बोलतो, या दोन गोष्टी बघा. त्या ठीक असतील तर डोळे मिटून महिन्याचं बांधून टाका. पण ‘विषय संपला’ हे त्याचं म्हणणं मान्य करू नका. अर्धं फोनने जाऊ दे, अर्धं तुमच्या हाताने जाऊ दे. फोनने पाठवलेल्या पैशाला समोरचा माणूस ‘काकू, पोराला नोकरी लागली’ असं येऊन सांगत नाही.

राहिली पारण्याची वेळ. अतिथी वेळेवर आला नाही तर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. अंबरीष राजाचंही तेच झालं होतं. अतिथी म्हणून आलेले दुर्वास ऋषी नदीवर गेले ते परतेनात आणि इकडे द्वादशी संपत आलेली. त्याने नुसतं पाणी घेतलं, म्हणजे पारणंही झालं आणि अतिथीआधी जेवल्याचा दोषही टळला. तुम्हीही तीर्थ घ्या, त्या मुलाची वाट बघा. शुगर असल्याने फार वेळ बघू नका. त्याचं पान वाढून झाका आणि जेवून घ्या. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हरिवासर असतो, तो उलटल्यावर पारणं करायचं. इथे इंदूरच्या मराठी घरांत दर वेळी एक घोटाळा होतो. भिंतीवरचं कॅलेंडर मुंबई-पुण्याहून आलेलं असतं आणि सूर्योदय तिथला छापलेला असतो. आपला सूर्योदय मुंबईच्या साधारण बारा मिनिटं आधी होतो, उन्हाळ्यात त्याहूनही आधी, हिवाळ्यात फरक कमी. तिथी सूर्योदयाच्या काठावर असेल तर एकादशीचा दिवसच बदलू शकतो. उज्जैनचं किंवा इथलं पंचांग बघत जा, आणि स्मार्त-भागवत असे दोन दिवस आले तर सासूबाई जो धरत होत्या तोच धरा.